जुना लॅपटॉप घेतला, डिस्कला पासवर्ड निघाला

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका दुकानातून कंपनीतून निघालेला जुना डेल लॅटिट्यूड घेतला. दुकानात बॅटरी उतरलेली होती, त्यामुळे नीट चालवून पाहिला नाही. घरी आणून सुरू केला तर काळ्या पडद्यावर हार्ड ड्राइव्हचा पासवर्ड मागतो. दुकानदार म्हणाला, "आतला सेल काढून अर्धा तास ठेवा, उडतो." सेल काढून रात्रभर ठेवला, पासवर्ड जागेवरच. मग डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली आणि घरच्या पीसीला लावली. ५०० जीबी दिसते, पण फॉर्मॅट होत नाही. "आतला डेटा नको, डिस्क तेवढी वापरायची आहे. कुठलं सॉफ्टवेअर वापरू?"

असं सॉफ्टवेअर नाही. म्हणजे या नावाने इंटरनेटवर पुष्कळ काही मिळतं, पण पासवर्ड दिल्याशिवाय तुमची डिस्क कुणाचंच ऐकणार नाही. अगदी "सगळं पुसून टाक" एवढंही नाही. त्यामुळे सॉफ्टवेअर शोधण्याआधी दुकानदाराला फोन करा, आणि तो फोन होईपर्यंत डिस्क पुन्हा त्याच लॅपटॉपमध्ये बसवून ठेवा. का, ते पुढे येईल.

सेल काढण्याचा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. नव्वदच्या दशकातल्या डेस्कटॉपमध्ये बायॉसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, पासवर्ड सीमॉस नावाच्या इवल्याशा मेमरीत असायचा आणि ती मेमरी त्या गोल सेलवर जगायची. सेल काढला की घड्याळ मागे जायचं आणि पासवर्डही जायचा. आजच्या बिझनेस लॅपटॉपमध्ये मशीनचा पासवर्डसुद्धा सेलवर अवलंबून नसतो, वीज नसली तरी टिकणाऱ्या चिपमध्ये तो लिहिलेला असतो. आणि तुमचा पासवर्ड तर मशीनचा नाहीच, डिस्कचा आहे. सेल काढा, रॅम काढा, मदरबोर्ड बदला, डिस्कला त्याचा पत्ताही लागत नाही.

डिस्कला स्वतःचा पासवर्ड असण्याची सोय १९९७ च्या एटीए-३ या प्रमाणात, म्हणजे संगणक आणि डिस्क यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याच्या नियमावलीत, आली. तेव्हापासून लॅपटॉपच्या जवळपास प्रत्येक यांत्रिक, म्हणजे आत तबकडी फिरणाऱ्या, डिस्कमध्ये ती आहे. अशा डिस्कमध्ये हा पासवर्ड बहुधा तबकडीवरच्याच एका राखीव भागात लिहिलेला असतो. तुम्हाआम्हाला दिसणाऱ्या ५०० जीबीच्या बाहेर, जिथे डिस्कचं फर्मवेअर (तिला चालवणारा आतला प्रोग्राम) आपल्या नोंदी ठेवतं. म्हणून "खालची हिरवी प्लेट (डिस्कचं सर्किट बोर्ड) बदला, लॉक जातं" हा दुसरा लोकप्रिय सल्लाही बहुतेक वेळा फुकट जातो. उलट प्लेट बदलताना त्या डिस्कची खास माहिती ठेवणारी चिप हलवली नाही, तर चांगली डिस्क खट्‌ खट्‌ करायला लागते.

२००१ साली आलेल्या पहिल्या एक्सबॉक्समध्ये मायक्रोसॉफ्टने हीच सोय वापरली होती. कन्सोलची डिस्क त्याच कन्सोलला बांधलेली आणि किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्ये. ती चिप गेली की ठणठणीत डिस्क बाद. तुमच्या लॅपटॉपमधली भानगड त्याच जातीची आहे, फक्त किल्ली चिपमध्ये नसून कुठल्यातरी कंपनीच्या आयटीवाल्याच्या डोक्यात किंवा एक्सेल शीटमध्ये आहे.

पीसीला लावल्यावर ५०० जीबी दिसते याचं अनेकांना नवल वाटतं. कुलूपबंद डिस्कही "तू कोण?" या प्रश्नाला उत्तर देते. मॉडेल, सीरियल नंबर, आकार सगळं सांगते. फक्त "वाच" किंवा "लिही" म्हटलं की नकार देते. त्यामुळे विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती "नॉट इनिशियलाइज्ड" म्हणून दिसते आणि इनिशियलाइज करायला गेलं की आय/ओ एररवर आपटते. डेटा रिकव्हरीची विकतची-फुकटची सॉफ्टवेअरं, पार्टिशन मॅनेजर, लिनक्समधली डीडी ही नक्कल करणारी आज्ञा, सगळ्यांना तेच उत्तर मिळतं. डिस्क खराब आहे असा निष्कर्ष मात्र यावरून काढू नका.

आता, हे डिस्कचंच कुलूप आहे हे तुमच्या वर्णनावरून मला कळलं, पण असा लॅपटॉप माझ्या टेबलावर येतो तेव्हा मी आधी तेच तपासतो. कारण "पासवर्ड मागतो" या दोन शब्दांत तीन निरनिराळी कुलपं लपलेली असतात आणि तिघांचे उपाय तीन दिशांना जातात.

डेलचा पडदा नीट वाचा. "दिस कॉम्प्युटर सिस्टिम" असं म्हणून पुढे लॅपटॉपचा सर्व्हिस टॅग (डेलचा ओळख क्रमांक) दिला असेल तर कुलूप मशीनचं. "दिस हार्ड ड्राइव्ह" म्हणून पुढे डिस्कचा क्रमांक दिला असेल तर कुलूप डिस्कचं. दोन्ही क्रमांकांच्या शेवटी ५९५बी किंवा तत्सम चार अक्षरांची शेपटी असते आणि दोन्ही पडदे लांबून सारखेच दिसतात, म्हणून लोक फसतात. थिंकपॅडवर मजकुराऐवजी चित्र येतं: कुलुपाशेजारी डिस्कचा डबीसारखा आकार असला की ते डिस्कचं. एचपीमध्ये ड्राइव्हलॉक हा शब्द दिसतो. चित्र, मजकूर काहीच समजत नसेल तर सरळ डिस्क काढा आणि मशीन सुरू करा. तरीही पासवर्ड मागत असेल तर कुलूप मशीनचं आहे, डिस्कचा काही दोष नाही.

तिसरं कुलूप विंडोजमधल्या बिटलॉकरचं. निळा पडदा येतो आणि ४८ अंकी रिकव्हरी की मागतो, सहा-सहा अंकांचे आठ गट. याला घाबरून जाणारे सगळ्यात जास्त, आणि डिस्क वापरायची असेल तर सगळ्यात सोपं कुलूप हेच. बिटलॉकर डेटा सांकेतिक करतो, डिस्कला लिहायला मनाई करत नाही. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करा, इन्स्टॉल करताना सगळी पार्टिशनं उडवा, नवं विंडोज टाका. जुना डेटा गेला तो गेला, डिस्क मात्र पूर्ण तुमची. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये हे एन्क्रिप्शन बहुतेक मशीनवर आपोआप चालू होतं, म्हणून यापुढे जुन्या लॅपटॉपमध्ये हाच पडदा जास्त दिसेल. तो दिसला म्हणून लॅपटॉप चोरीचाच असेल असं लगेच ठरवू नका.

परत तुमच्या डिस्ककडे. या प्रकारात पासवर्ड एक नसतो, दोन असतात: यूजर आणि मास्टर. शिवाय कुलुपाचे दोन स्तर असतात, हाय आणि मॅक्सिमम. हाय असेल तर मास्टर पासवर्डनेही डिस्क उघडते. मॅक्सिमम असेल तर मास्टरने उघडत नाही, फक्त पुसता येते. म्हणजे यूजर पासवर्ड हरवला तरी मास्टर हाती असेल तर डिस्क वाचवण्याचा मार्ग शिल्लक राहतो. दोन्ही नसतील तर प्रमाणाप्रमाणे तो रस्ता संपला. एचपी आणि लेनोवो दोघेही आपल्या माहितीपत्रकांत हेच सांगतात: डिस्कचे पासवर्ड हरवले तर आम्हीही काही करू शकत नाही, डिस्क बदला. डेलमध्ये काही मॉडेलांसाठी मालकीचा पुरावा दिल्यावर सपोर्टकडून मदत मिळते. त्यासाठी लॅपटॉपची नोंद तुमच्या नावावर असावी लागते. ती बदलून घेण्याचा अर्ज डेलच्या साइटवर आहे आणि तिथे आधीच्या मालकाची माहिती मागतात. म्हणजे गाडी पुन्हा दुकानदाराकडेच येते.

आता डिस्क त्याच लॅपटॉपमध्ये का ठेवायची ते. बायॉसमध्ये आपण "एबीसी१२३" टाइप केलं की डिस्कला "एबीसी१२३" असंच जातं, असं आपण धरून चालतो. पुष्कळ बिझनेस लॅपटॉप तसं करत नाहीत. टाइप केलेल्या अक्षरांवर ते आपली प्रक्रिया करतात, कधी त्यात डिस्कचा सीरियल नंबरही मिसळतात आणि त्यातून निघालेली ३२ बाइट डिस्कला पाठवतात. ही प्रक्रिया कंपनीगणिक वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांतही वेगळी. त्यामुळे खरा पासवर्ड हाती असूनही तो दुसऱ्या कंपनीच्या लॅपटॉपवर किंवा लिनक्समधून दिला तर डिस्क "चूक" म्हणते. दुकानदाराने पासवर्ड शोधून दिला आणि तोवर तुम्ही लॅपटॉप विकून टाकलेला असला, तर तो पासवर्ड कागदावरच राहील. डिस्क आणि तिचा मूळ लॅपटॉप यांची ताटातूट होऊ देऊ नका.

आणि लॉटवाल्यांकडे पासवर्ड मिळण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्याहून बरी असते. असे लॅपटॉप एकेकटे येत नाहीत. कुठल्यातरी कंपनीचा भाडेकरार संपतो, पन्नास-शंभर मशीनचा लॉट निघतो, त्यातले काही पुण्याच्या टापकीर गल्लीत येतात, काही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जातात. त्या कंपनीने बहुधा सगळ्या मशीनना एकच पासवर्ड घातलेला असतो, आणि लॉट विकत घेणाऱ्याला तो सांगितलेला असतो किंवा मागितला तर सांगतात. तुमचा दुकानदार साखळीतला तिसरा-चौथा. त्याला म्हणा, "ज्याच्याकडून घेतलात त्याला विचारा, लॉटचा डिस्क पासवर्ड काय होता?" असा नेमका प्रश्न विचारला की पुष्कळदा नेमकं उत्तर येतं. "लॅपटॉप चालत नाही" म्हटलं तर तो तुम्हाला पुन्हा सेलच काढायला सांगेल.

पासवर्ड मिळाला तर पुढचं काम चहा निवेपर्यंत होतं. डिस्क मूळ लॅपटॉपमध्ये, एफ२ दाबून बायॉस, सिक्युरिटीमध्ये हार्ड ड्राइव्ह पासवर्ड. जुना पासवर्ड टाका, नव्याचे दोन्ही रकाने रिकामे ठेवून एंटर. बंद करून पुन्हा सुरू करा. विचारलं नाही म्हणजे कुलूप गेलं. त्यानंतर विंडोज नव्याने टाका, आत काय आहे ते बघत बसू नका.

मिळाला नाही तर? एक मर्यादित प्रयत्न करून बघण्यासारखा आहे, पण आधी ती डिस्क त्या प्रयत्नाच्या लायकीची आहे का ते बघा. कुलूपबंद डिस्कही आपल्या तब्येतीचा, "स्मार्ट" नावाचा, अहवाल देते, हे फार थोड्यांना माहीत असतं. उबुंटू लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून बूट करा, हा अहवाल दाखवणारी स्मार्टसीटीएल ही आज्ञा चालवा आणि दोन ओळी बघा: किती तास चालली आहे आणि किती सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) खराब होऊन बदललेले किंवा बदलायचे बाकी आहेत. बदलायचे बाकी सेक्टर शून्याच्या वर असतील तर इथेच थांबा. सुटली तरी त्या डिस्कवर मी कुणाच्या लग्नाचे फोटो ठेवणार नाही.

तब्येत बरी असेल तर यूएसबी केसिंग बाजूला ठेवा. स्वस्त केसिंगमधली चिप साधं वाचन-लेखन पुढे पाठवते, सुरक्षेचे आदेश मात्र गिळते किंवा अर्धवट पाठवते. डिस्क थेट साटा केबलने (डेस्कटॉपच्या आत डिस्क जोडायची केबल) डेस्कटॉपला जोडा. सुरू होताना डेस्कटॉपचा बायॉसही पासवर्ड विचारू शकतो, तिथे एस्केप मारा. मग लिनक्समध्ये एचडीपार्म या आज्ञेला कॅपिटल आय हा पर्याय देऊन डिस्कची माहिती मागवा. लांबलचक यादी येते, तिच्या शेवटाकडे सिक्युरिटी नावाचा गट असतो. तेवढाच वाचायचा.

त्यात "एनेबल्ड" आणि "लॉक्ड" या शब्दांच्या आधी "नॉट" नसेल तर कुलूप आहे आणि लागलेलं आहे. "सिक्युरिटी लेव्हल" समोर हाय की मॅक्सिमम ते दिसतं. सगळ्यात कामाची ओळ त्या गटाच्या वरच्या बाजूला असते: मास्टर पासवर्ड रिव्हिजन कोड. तिथे ६५५३४ असेल तर मास्टर पासवर्ड कारखान्यातून आला तसाच आहे, कुणी बदललेला नाही. वेगळा आकडा असेल तर आयटीवाल्याने किंवा बायॉसने तो बदललाय आणि कारखान्याच्या पासवर्डचा नाद सोडलेला बरा. जुन्या यांत्रिक डिस्कचे काही कारखानी मास्टर पासवर्ड दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षं फिरत आले आहेत. तुमच्या मॉडेलला त्यातला एखादा लागू पडला तर त्याने पुसण्याचा आदेश देता येतो. पण पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर डिस्क तोंड मिटते, त्याच गटात "एक्स्पायर्ड" असं दिसायला लागतं आणि वीज पूर्ण तोडून पुन्हा दिल्याशिवाय ती पुढचा प्रयत्न घेत नाही. हजारो पासवर्ड आपोआप टाकून बघणारं सॉफ्टवेअर इथे का निरुपयोगी आहे, ते यावरून समजेल.

"फ्रोजन" हा आणखी एक शब्द तिथे असतो आणि त्यावर लिहिलेले सल्ले तुम्हाला ढिगाने सापडतील: लॅपटॉप झोपवून उठवा, चालू असताना केबल काढून लावा. हे सल्ले खरे आहेत, पण ते तुमच्यासाठी नाहीत. बायॉस सुरू होताना उघड्या डिस्कला गोठवतो, म्हणजे एखाद्या व्हायरसने मागच्या दाराने पासवर्ड घालू नये. लागलेल्या कुलुपाची डिस्क सहसा गोठत नाही, तिचा प्रश्न फक्त पासवर्डचा असतो. ज्यांना पासवर्ड माहीत आहे, ज्यांनी तो बूटच्या वेळी दिलाय आणि आता लिनक्समधून काढायचाय, त्यांना फ्रोजन आडवं येतं.

पुसण्याचा आदेश डिस्कने घेतला, तर ५०० जीबीच्या लॅपटॉप डिस्कला दीड-दोन तास धरा. अंदाजे किती मिनिटं लागतील तेही त्याच गटात डिस्क स्वतः सांगते. तेवढा वेळ पडदा ढिम्म असतो, टक्केवारी वगैरे काही येत नाही. कंटाळून बंद केलं किंवा मध्येच लाइट गेली तर डिस्क कुलूपबंदच राहते आणि काम पहिल्यापासून. यूपीएस नसेल तर वीज जाण्याचा वार टाळा. नीट पार पडलं की यूजर पासवर्ड आपोआप निघतो, वेगळं काही काढावं लागत नाही.

एवढ्याने झालं नाही तर तुमच्या-माझ्या हातातले उपाय संपले. डेटा रिकव्हरी लॅबकडे एस लॅबच्या पीसी-३००० सारखी साधनं असतात. ती डिस्कच्या राखीव भागाशी थेट बोलतात आणि जुन्या, एन्क्रिप्शन नसलेल्या पुष्कळ मॉडेलांचं कुलूप काढू शकतात. कारण या जुन्या डिस्कमध्ये पासवर्ड फक्त दार अडवतो, आतला डेटा तबकडीवर जसाच्या तसा लिहिलेला असतो. पण लॅबचा खर्च डेटा वाचवणाऱ्यासाठी असतो. ५०० जीबीच्या वापरलेल्या यांत्रिक डिस्कसाठी तो करणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय चांगली लॅब मालकीचा कागद मागते. न मागता "द्या इकडे, काढून देतो" म्हणणाऱ्याकडे मी माझी डिस्क देणार नाही.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर लिहिणारी डिस्क, असती तर हे उत्तर बरंच वेगळं असतं, आणि वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांकडे एसएसडीच असेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आजच्या अनेक एसएसडी लिहितानाच सगळं सांकेतिक करतात. पासवर्ड असो-नसो, आत एक किल्ली असतेच. टीसीजी ओपल नावाच्या प्रमाणाप्रमाणे चालणाऱ्या एसएसडीला कुलूप लावलं की ती किल्ली पासवर्डमागे जाते. पण ओपलवाल्यांनी तुमच्यासारख्या दुसऱ्या मालकाचा विचार केला आहे. डिस्कच्या लेबलवर पीएसआयडी नावाचा ३२ अक्षरी क्रमांक छापलेला असतो. तो ड्राइव्हमधून वाचता येत नाही, फक्त डोळ्यांनी लेबलवरून. डिस्क हातात आहे एवढाच त्याचा पुरावा. तो दिला की ड्राइव्ह जुनी किल्ली फेकून देतो, नवी बनवतो आणि कारखान्यातून निघाल्यासारखा कोरा होतो. जुना डेटा तिथेच पडलेला असतो, पण त्याला आता अर्थ उरत नाही. दोन तास नाही, काही सेकंदांचं काम.

सॅमसंगच्या मॅजिशियनमध्ये आणि क्रुशियलच्या स्टोरेज एक्झिक्युटिव्हमध्ये यासाठी बटण आहे. इतरांसाठी सेडयूटिल नावाचं मोफत साधन लिनक्सवर आणि विंडोजवरही चालतं. त्यातल्या या आदेशाचं एक नाव "होय, मला खरंच पीएसआयडी वापरून माझा सगळा डेटा पुसायचाय" अशा अर्थाचं एका दमात लिहिलेलं इंग्रजी वाक्यच आहे. लिहिणाऱ्याला ग्राहकांचे फोन घेण्याचा अनुभव असावा. साटा एसएसडीसाठी लिनक्स सुरू करताना लिबएटीएच्या (लिनक्समधला डिस्कशी बोलणारा भाग) टीपीएम परवानगीचा पर्याय द्यावा लागतो, तो विसरला तर सेडयूटिलला ड्राइव्ह ओपलचा वाटतच नाही.

अडचण बहुतेक वेळा लेबलवर येते. अक्षरं मुंगीएवढी असतात, शून्य आणि ओ, एक आणि आय यांचा घोळ होतो. मोबाइलच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मोठा करा, शेजारी चौकटीचा कोड असेल तर स्कॅन करा आणि सीरियल नंबरलाच पीएसआयडी समजू नका. एम.२ या लांबट पट्टीसारख्या ड्राइव्हवर उष्णता घालवणारी पट्टी चिकटवलेली असेल तर लेबल तिच्याखाली असतं. ती ओढून काढताना लेबल फाटलं की पीएसआयडी गेला आणि त्याच्याबरोबर ड्राइव्हही गेला. हेअर ड्रायरने थोडं गरम करून हळू सोडवा.

एनव्हीएमई या नव्या पद्धतीच्या एसएसडीवर एटीएचे आदेश चालत नाहीत, त्यामुळे वर सांगितलेलं एचडीपार्मचं काही तिथे लागू नाही. तिथे बायॉसमधला "हार्ड डिस्क पासवर्ड" बहुधा ओपलमार्फतच लागतो, म्हणून पीएसआयडी हाच पहिला उपाय. साटा एसएसडीला जुन्या पद्धतीचा एटीए पासवर्ड लावलेला असेल तर मात्र पीएसआयडी प्रत्येक मॉडेलवर चालतोच असं नाही. करून बघायला हरकत नाही, बिघडायला तसंही काही उरलेलं नसतं.

जाता जाता: या कुलपांवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांसाठी. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाच्या कार्लो मेयर आणि बर्नार्ड व्हान गास्टेल यांनी २०१८ साली क्रुशियल आणि सॅमसंगच्या काही एसएसडी उघडून दाखवल्या, ज्यांत पासवर्ड आणि किल्ली यांची गाठच नीट मारलेली नव्हती. त्यानंतर २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने बिटलॉकरला ड्राइव्हच्या एन्क्रिप्शनवर विसंबून न राहता स्वतःचं वापरायला लावलं. तुमचा स्वतःचा डेटा जपायचा असेल तर डिस्कच्या पासवर्डपेक्षा बिटलॉकर किंवा लिनक्सचं एलयूकेएस हे एन्क्रिप्शन घ्या, असं मी त्यामुळेच सांगतो.

आता जरा अवघड विषय. डेटा नको म्हणालात हे बरं केलंत, कारण "उघडून दे, आत काय आहे बघू" म्हणणारेही येतात आणि त्यांना मी परत पाठवतो. आतला डेटा कुठल्यातरी कंपनीचा किंवा माणसाचा आहे, लॅपटॉपबरोबर तो विकला गेलेला नाही. दुसरं, लॅपटॉप चोरीचा असेल तर घेणाराही अडकू शकतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६बी मध्ये चोरीचा संगणक जाणूनबुजून किंवा तसं मानायला जागा असताना घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कुलूपबंद डिस्क म्हणजे चोरी नव्हे, लॉटमधून अशा डिस्क रोज निघतात. पण कुलूपबंद डिस्क, मशीनवरही पासवर्ड, खालचं सीरियल नंबरचं स्टिकर खरवडलेलं आणि दुकानदार बिल द्यायला टाळाटाळ करतोय, एवढं सगळं एकत्र आलं तर डिस्क सोडवायच्या मागे न लागता लॅपटॉप परत करा.

तुमच्याकडे बिल आहे का हे प्रश्नात लिहिलेलं नाही. नसेल तर आजच मागा, त्यावर लॅपटॉपचा सर्व्हिस टॅग लिहून घ्या. दुकानदाराने बिलावर लॅपटॉप चालू स्थितीत विकला असेल तर कुलूपबंद डिस्क देऊन तो हात झटकू शकत नाही. सरळ म्हणा: पासवर्ड काढून द्या, नाहीतर दुसरी डिस्क बसवून द्या. टिकून राहायचं असलेला दुकानदार दुसरा पर्याय लगेच मान्य करतो, त्याच्या फडताळात अशा डिस्क पडून असतात. अगदीच दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नवी डिस्क मिळाली की ती लावून विंडोज टाका आणि सेटअपच्या पडद्याकडे लक्ष ठेवा. तिथे घरचं खातं न विचारता एखाद्या कंपनीचं नाव आणि "कामाच्या ईमेलने साइन इन करा" असं आलं, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ऑटोपायलट यादीत (कंपनीच्या मशीनची मायक्रोसॉफ्टकडची नोंद) आहे. ही नोंद मदरबोर्डच्या ओळखीवर असते, त्यामुळे कितीही डिस्क बदलल्या तरी ती परत येते आणि त्या कंपनीने यादीतून काढल्याशिवाय जात नाही. दुकानदाराशी बोलणं चालूच आहे, तर हेही त्याच वेळी तपासून घ्या. डिस्क बदलून मिळाल्यावर महिन्याने हे घेऊन गेलात तर तो ओळखही दाखवणार नाही.

पुढच्या वेळी जुना लॅपटॉप घेताना चार्जर मागा आणि दुकानातच सुरू करा. बायॉसमध्ये जाऊन सिक्युरिटीच्या पानावर अ‍ॅडमिन, सिस्टिम आणि हार्ड ड्राइव्ह या तिन्ही पासवर्डपुढे "नॉट सेट" आहे का बघा. दुकानदार "विंडोज चालू आहे ना, मग झालं" म्हणेल. नाही झालं, मशीनचा अ‍ॅडमिन पासवर्ड असताना विंडोज मजेत चालतं आणि पहिल्यांदा पेनड्राइव्हवरून बूट करायची वेळ आली की खरा प्रकार कळतो. थिंकपॅडमध्ये सुपरवायझर पासवर्ड हरवला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर मदरबोर्ड बदलणं हे आहे, म्हणजे लॅपटॉपच्या किमतीएवढाच खर्च.

राहिली तुमच्या हातातली डिस्क. दुकानदाराने बदलून दिली तर जुनी त्याला परत द्या, त्याच्या बदल्यात त्याला पुढच्या व्यापाऱ्याकडून काहीतरी मिळत असतं. त्याला नको असेल तर तशीच भंगारात टाकू नका, कारण वर सांगितलं तसं यांत्रिक डिस्कमध्ये कुलपामागचा डेटा उघडाच असतो आणि योग्य साधन असलेल्याला तो वाचता येतो. वरचं झाकण टॉर्क्सच्या (चांदणीसारख्या खाचेच्या) स्क्रूंनी लावलेलं असतं, एखादा स्क्रू लेबलखालीही लपलेला असतो. ते उघडून तबकड्यांवर स्क्रूड्रायव्हरने खोल आडव्या-उभ्या रेघा ओढा. आधी चष्मा किंवा गॉगल घाला, कारण लॅपटॉपच्या काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात. उरलेला सांगाडा महापालिकेच्या किंवा नोंदणीकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या.